थोरली, धाकटी आणि गुणाजींचे गुडघे

घरातला कुठलाही प्रश्न असो, चहाला उकळी यायच्या आत त्याचा निकाल लावते, असं हेमा पालव वर्तकनगरात उघडपणे सांगायची. आणि ती नुसतं सांगायची नाही, लावायचीही! मुलीचं कॉलेज, मग तिचं लग्न, पडद्यांचा रंग, गावच्या घरावर पत्रे घालायचे की कौलं, हे सगळे निर्णय तिने आधण ठेवून, आलं ठेचता ठेचता घेतले होते. पत्ती टाकेपर्यंत विषय संपलेला असायचा.

अशा बाईच्या नशिबी आले गुणाजी.

गुणाजींनी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये चौतीस वर्षं काढली. तिथे त्यांचा दरारा असा की, ते नुसतं बोट फिरवून सांगायचे, ह्या शाफ्टला केसाएवढा उतार आलाय, आणि मोजल्यावर तो तेवढाच निघायचा. पण कारखान्याच्या फाटकाबाहेर पडले की त्यांच्या हातातलं माप जणू गळून पडायचं. हॉटेलात बसले की मेनूकार्ड वाचून होईस्तोवर वेटरची पाळी बदलायची. मिक्सर घ्यायला त्यांनी दोन वर्षं घेतली, आणि ठरवून दुकानात गेले तेव्हा कंपनीने तो मिक्सर काढणंच बंद केलं होतं. हेमाला बघून गेल्यावर त्यांचा होकार पाच महिन्यांनी आला. तोवर तिचे वडील आणखी दोन स्थळांकडे जाऊन आले होते.

"मी तेव्हाच ओळखायला हवं होतं," हेमा म्हणते. "पण मला वाटलं, एवढा विचार करून हो म्हणालेत, म्हणजे पक्कं असेल."

तर तेवढं मात्र पक्कं निघालं.

आता गाडीचं. जुन्या बिल्डिंगमध्ये गुणाजींच्या लोखंडी कपाटाच्या दाराला आतून एक रंगीत पान चिकटवलेलं होतं. जपानी कंपनीची दोन दारांची, दोनच माणसांची, डोक्यावरचं छप्पर मागे दुमडणारी स्पोर्ट्स कार. गुणाजी रोज सकाळी शर्ट काढताना तिच्याकडे बघायचे आणि मग बसने कामावर जायचे. हेमाने त्या पानाबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. काही नवरे कपाटात बाटली लपवतात, आपल्याने गाडी लपवलीय, एवढंच तिने मनाशी म्हटलं.

मग बिल्डिंग पाडली, नवी उभी राहिली, आणि नव्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक घराला एकेक पार्किंग मिळालं. पालवांच्या पार्किंगमध्ये वर्षभर शेजारणींचे पापड वाळले. आणि त्याच वर्षात गुणाजींचे दोन्ही गुडघे संपावर गेले. डॉक्टरांनी फोटो दिव्यावर धरून दाखवला, दोन्ही गुडघे बदलायचे म्हणून सांगितलं आणि दसऱ्यानंतरच्या सोमवारची तारीख दिली. ऑपरेशन सोपं आहे, म्हणाले, खरं काम नंतरचं. रोज व्यायाम, रोज पाय वाकवणं, दुखलं तरी वाकवणं. कंटाळा केला तर पाय तसाच ताठ राहील.

गुणाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "बुटक्या गाडीत बसता येईल का?"

डॉक्टर हसले. हेमाला हसू आलं नाही.

तिला आपला नवरा ठाऊक होता. व्यायाम कर म्हटलं तर आधी उजवा पाय वाकवू की डावा, ह्यावर तो आठवडा काढील, आणि तेवढ्यात पाय खुर्चीच्या पायासारखा होऊन बसेल. पण खाली पार्किंगमध्ये ती गाडी उभी असली, खिडकीतून रोज दिसत असली, तर हा माणूस दात-ओठ खाऊन गुडघा वाकवेल. त्या संध्याकाळी चहाला उकळी यायच्या आत तिने ठरवलं: ऑपरेशनच्या आधी, दसऱ्याला, गाडी दारात हवी. कुठली, ते त्यांनी ठरवावं.

हेच शेवटचं वाक्य चुकलं.

कारण ठाण्यापासून कल्याणपर्यंत शोधून त्या जातीच्या विकाऊ गाड्या निघाल्या दोन. एक माजिवड्याला, जुन्या गाड्या विकणाऱ्या साईनाथकडे. लाल, टपोऱ्या दिव्यांची. दुसरी डोंबिवलीत, अद्वय नावाच्या एका तरुणाची. तीच गाडी, पण तीन वर्षांनी कंपनीने तोंड बदलून काढलेली. त्याला फेसलिफ्ट म्हणतात, असं साईनाथने हेमाला समजावलं. हेमाने ते तिच्या परीने समजून घेतलं. म्हणजे हाडं तीच, फक्त पार्लरमध्ये जाऊन भुवया कोरून आलेली. ह्या दुसरीचे दिवे बारीक आणि ताणलेले होते, तोंड जरा रुंद होतं, आणि रंग होता पावसाळी ढगासारखा. घरात बोलताना कुणाची कुठली हे कळेना, म्हणून हेमाने नावं ठेवून टाकली. लाल ती थोरली, करडी ती धाकटी.

गुणाजींनी दोनशे पानी वही आणली. पट्टीने रेघा मारल्या. एका बाजूला थोरली, दुसऱ्या बाजूला धाकटी. तसल्या गुडघ्यांनी बस बदलत ते माजिवड्याला सात वेळा गेले आणि डोंबिवलीला पाच वेळा. साईनाथ त्यांना लांबून पाहूनच खुर्ची बाहेर काढून ठेवायला लागला. तिकडे डोंबिवलीत अद्वयचं दीड वर्षाचं पोर त्यांना आजोबा म्हणायला लागलं. त्या पोरामुळेच तर गाडी विकायची होती. दोन माणसांच्या गाडीत तिसऱ्याला ठेवायचं कुठे, असं अद्वयची बायको वल्लरी रोज विचारत होती आणि अद्वय रोज विषय बदलत होता.

हेमा दोन्हीकडे एकेकदा गेली. डोंबिवलीत वल्लरीने गरमागरम शिरा पुढे केला. तिने काहीतरी चांगलं बोलावं असं त्या घरातल्या सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं, तेव्हा धाकटीकडे बघून हेमा म्हणाली, "ही छान दिसते. झोप झाल्यासारखी." गुणाजींनी लगेच वहीत काहीतरी लिहिलं.

माजिवड्याला मात्र तिने गाडीकडे बघितलंच नाही. तिने नवऱ्याकडे बघितलं. फणस पिकलाय का ते बघायला टिचक्या मारतात ना, तशा गुणाजी थोरलीच्या पत्र्यावर हलकेच टिचक्या मारत होते आणि कान देऊन ऐकत होते. त्यांच्या तोंडावर जे होतं, ते तिने ह्याआधी एकदाच पाहिलं होतं, मुलीला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा. वहीत काय लिहायचं ते लिहा म्हणावं, जीव थोरलीवरच आहे, हे हेमाला कळलं.

पण गुणाजींना थोरली घ्या म्हणून सांगणं म्हणजे आणखी एक महिना. ते मान डोलावणार, धाकटीचंही काही चुकीचं नाही म्हणणार, आणि वहीचं नवं पान उघडणार. दसरा तर बारा दिवसांवर आला होता. ज्याला नवरा उलट प्रश्न विचारू शकणार नाही, अशा कुणीतरी सांगायला हवं होतं. हेमाला असं एकच ठिकाण माहीत होतं.

गावचा देव.

पालवांच्या गावात लग्न, विहीर, जमीन, सगळं देवाला विचारून होतं. गुरव देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो, आणि मग सगळे वाट बघत बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्याला कौल म्हणतात, आणि कौलापुढे कुणी वही उघडत नाही. हेमाने रविवारी सकाळी गावात राहणाऱ्या मोठ्या नणंदेला, जाईबाईंना, फोन लावला. प्रश्न तिने मोठ्या हुशारीने बांधला होता. ही की ती, असं विचारायचंच नाही. लाल गाडी घ्यायची का, एवढंच विचारायचं. आणि हे आपल्या दोघींतच ठेवायचं, गावात बोभाटा नको. जाईबाईंनी दोन तासांत उलट फोन केला.

"देवान उजवो दिलो गो हेमा. गाऱ्हाणा संपाच्या आधीच पाकळी खाली."

हेमाने देवाला मनोमन नमस्कार केला. ही बाई देवाला फसवत होती असं म्हणू नका. तिने त्याला फक्त फार विचार करायला लावलं नव्हतं.

त्याच सकाळी गुणाजी बराच वेळ खाली रिकाम्या पार्किंगमध्ये उभे राहून फोनवर बोलत होते. हेमाने खिडकीतून पाहिलं. तिला वाटलं, साईनाथशी टायरबद्दल बोलत असतील. दुपारी जेवताना दोघंही आपापल्या ताटाकडे बघून हसत होते.

"देवाचा उजवा कौल आलाय," गुणाजी हळूच म्हणाले.

हेमाला वाटलं, जाईबाईंच्या पोटात राहिलं नाही, भावाला सांगून टाकलं. "मला माहीत आहे," ती म्हणाली.

गुणाजींच्या हातातला घास थांबला. "तुला कळलं?"

"सगळं कळलं. आता त्यावर बोलायचं नाही. वही बंद."

"वही बंद," गुणाजी म्हणाले आणि भात संपवला. लग्नाला एकतीस वर्षं झाल्यावर नवराबायको न बोलता एकमेकांच्या मनातलं ओळखतात, असं म्हणतात ना, ते हे!

पुढचे दिवस कसे गेले सांगू? मंतरल्यासारखे. हेमा माजिवड्याला जाऊन थोरली पक्की करून आली आणि दसऱ्याला सकाळी दहाला गाडी दारात हवी, असं साईनाथला बजावून आली. गुणाजी एक दिवस कुठेतरी जाऊन आले, आणि पाय सुजलेले असताना शीळ घालत होते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हेमा फुलवाल्याकडे झेंडूचा हार सांगायला गेली, तर तो म्हणाला, काका आताच सांगून गेले. हेमाला भरून आलं. ज्या माणसाने स्वतःच्या लग्नातला हारसुद्धा दोनदा बदलून आणला, तो आज तिच्याआधी पोचला होता. तरी गाडीला एक हार कमी दिसेल म्हणून तिने आणखी एक सांगून ठेवला.

दसऱ्याला सकाळी सगळी सोसायटी खाली जमली होती. स्कूटर धुतल्या जात होत्या, चाकांखाली लिंबं जात होती, नारळ फुटत होते. सोसायटीचा चेअरमन प्रीतम शेट्ये, वय अडतीस, सदऱ्यावर जाकीट घालून, कुणी कुंकू दुसऱ्याच्या पार्किंगमध्ये सांडू नये म्हणून फिरत होता. हेमा काठापदराची साडी नेसून ताम्हण घेऊन उभी होती. गुणाजी तिच्या शेजारी काठी टेकून उभे होते, आणि दोघंही फाटकाकडे डोळे लावून होते.

दहा वाजता माजिवड्याच्या बाजूने थोरली आली. लाल भडक, नाकावर साईनाथने लावलेली भलीमोठी रिबीन. आणि त्याच क्षणाला समोरच्या बाजूने धाकटी आली! तिच्या नाकावर वल्लरीने घातलेला झेंडूचा हार होता. दोघीही एकदमच आत वळल्या. फाटक एका गाडीचं. एका दारातून दोघी जावा एकदम आत शिरायला गेल्या की कशा होतील, तशा त्या नाकाला नाक लावून अडकल्या.

"पालवांनी दोन घेतल्या," मागून कुणीतरी म्हणालं, आणि ही बातमी गच्चीपर्यंत गेली.

"अहो," हेमा म्हणाली, "ही कशाला आली?"

"हीच तर आपली," गुणाजी म्हणाले. "ती लाल कुणी बोलावली?"

"मी. देवाने सांगितलं म्हणून."

"देवाने तर धाकटी सांगितली."

"कुणाला?"

"मला. काळुरामने विचारून घेतलं. रविवारी."

काळुराम म्हणजे गुणाजींचा चुलतभाऊ, देवळाशेजारीच राहणारा. हेमाच्या हातातलं ताम्हण तिरकं झालं. निरांजन विझलं, बरं झालं, नाहीतर पदर गेला असता.

"पण धाकटी का विचारलीत?" तिने विचारलं. "तुमचा जीव तर थोरलीवर आहे. मला काय डोळे नाहीत?"

"तुला बारीक दिव्यांची आवडली ना. वहीत लिहिलंय मी. झोप झाल्यासारखी दिसते म्हणालीस."

"ते मी शिऱ्यासाठी म्हटलं होतं."

गुणाजींनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "मला थोरली आवडते," ते म्हणाले, "पण शेजारी तुला बसायचंय."

हेमाने ताम्हण थोरलीकडे वळवलं, मग धाकटीकडे, मग पुन्हा थोरलीकडे. आणि हेमाला काही ठरवता येत नाही, हे सोसायटीने पहिल्यांदाच पाहिलं.

तेवढ्यात प्रीतम शेट्ये आला आणि त्याने नियम वाचून दाखवावा तसं सांगितलं की, एका घराला एकच गाडी, आणि आत्ता फाटक मोकळं करा, मागे रांग लागलीय. कुठली मागे घ्यायची? साईनाथ म्हणाला, मॅडमनी पक्की केलीय, मी आधी पोचलो. अद्वय म्हणाला, काकांनी पक्की केलीय, मी लांबून आलो. दोघंही आपापल्या स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले.

गुणाजींनी गावाला फोन लावला आणि थोरलीच्या बॉनेटवर मोठ्या आवाजात ठेवला. दसऱ्यामुळे अख्खं गाव देवळातच होतं. फोन काळुरामने उचलला, मागे जाईबाई होत्या, आणि दोघांनाही आत्ताच कळलं की एका रविवारी, एकाच देवाला, एकाच भावासाठी, एकाने न्याहारीआधी आणि एकीने न्याहारीनंतर त्रास दिला. त्यांचं तिकडे जुंपलं. शेवटी गुरवाने फोन हातात घेतला. देव चुकला का, असं हेमाने घाबरत घाबरत विचारलं.

"देव कशाक चुकात?" गुरव म्हणाला. "एकान इचारल्यान, ही घेवची काय? देव म्हणालो, घे. दुसरीन इचारल्यान, ती घेवची काय? देव म्हणालो, ती पण घे. देवाक काय तुमचा पार्किंग दिसता?"

सोसायटीतल्या निम्म्या लोकांनी हे ऐकून माना डोलावल्या. मग आत्ताच्या आत्ता पुन्हा विचारा, असं ठरलं. गुरवाने ताज्या पाकळ्या लावल्या आणि फोनवरूनच गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा महाराजा! ह्यां तुझां लेकरू गुणाजी पालव, पोटापाण्यासाठी ठाण्याक ऱ्हवता. तेचे गुडघे गेले, पण हौस काय जायना. तर महाराजा, जुन्या तोंडाची लाल गाडी ठेवन नव्या तोंडाची परत धाडूची काय?"

"व्हय महाराजा," तिकडून देवळाने म्हटलं, आणि सवयीने इकडून पार्किंगमधल्या आठदहा कोकणातल्या माणसांनीही म्हटलं.

सगळे थांबले. पाच मिनिटं गेली. दहा गेली. पडली का? काळुराम म्हणाला, नाय. उजवी हलली का? नाय. डावी? ती पण नाय. दोन्ही पाकळ्या लावल्या जागी चिकटून बसल्या होत्या. एरवी गाऱ्हाणं संपायच्या आत निकाल देणारा देव, पण आज तोही गुणाजींच्या वळणावर गेला. त्याला वही द्यायची तेवढी बाकी राहिली होती.

फाटकाबाहेर हॉर्न वाजायला लागले. प्रीतम शेट्येच्या कपाळावर घाम आला. तेव्हा, एक गाडी मीच आत लावून घेतो, असं म्हणत गुणाजी पुढे झाले. आणि थोरलीत बसले. ती जवळ होती म्हणून, असं ते अजून सांगतात.

बसले म्हणजे काय, पडले. ती गाडी इतकी बुटकी की आधी पाठ आत घालायची, मग देवाचं नाव घेऊन खाली सोडायची, आणि मागाहून एकेक पाय हाताने उचलून आत घ्यायचा. खाली उतरलेल्या साईनाथने दार लावलं. गुणाजींनी चावी फिरवली, धाकटी चार पावलं मागे सरली, आणि थोरली घरघरत उतारावरून आत आली, खांबाला वळसा घालून पालवांच्या पार्किंगमध्ये, दोन्ही पांढऱ्या रेघांच्या बरोबर मधोमध थांबली. सगळं मिळून नव्वद फूट. हेमाने ताम्हण खाली ठेवलं, कारण तिला डोळे पुसायला हात हवा होता.

मग गुणाजींना बाहेर येता येईना.

त्यांनी उजवा पाय बाहेर काढला. गुडघा स्टिअरिंगखाली अडला. तो आत घेतला, आधी डावा काढायला गेले, तर दोन्ही अडले. साईनाथने खांदे धरले, वॉचमनने पाय धरले, अद्वय आपली गाडी तशीच सोडून धावत आला आणि त्याने कंबर धरली. प्रीतम शेट्येने एक, दोन, तीन म्हटलं. ओढल्यावर एक बूट तेवढा बाहेर आला. कुणी म्हणालं छप्पर उघडा आणि वरून काढा. कुणी म्हणालं गॅरेजवाल्याला बोलवा, सीटच काढून टाकेल. एक आजी म्हणाल्या, त्यांना आधी चहा द्या.

हेमा खाली वाकली आणि खिडकीतून हळूच म्हणाली, "खरंच अडकलात?"

"अर्धा," गुणाजी पुटपुटले.

"म्हणजे?"

"गुडघे अडकलेत. बाकीचा मी बसलोय."

त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. तोंडावर तेच होतं, माजिवड्याचं. गाडी हलवताना प्रीतम शेट्येने उचललेला फोन पुन्हा बॉनेटवर आला होता आणि काळुराम तिकडून सांगत होता, पाकळी अजून तशीच आसा. गुणाजींनी खिडकीतून मान बाहेर काढली.

"गुरवबुवा," ते म्हणाले, "देवाला सांगा, राहू दे. मी बसलोय तीच."

असं गुणाजी पालवांनी आयुष्यातला पहिला झटपट निर्णय घेतला, उतरता येत नव्हतं म्हणून.

गुणाजींनी दिलेलं टोकन अद्वयने तिथल्या तिथे परत केलं; त्याला भरपाई नको होती, माफी नको होती, काहीच नको होतं. त्याला फक्त निघायचं होतं, कुणाचं मन बदलायच्या आत. वाईट वाटल्यासारखं तोंड करायचा त्याने प्रयत्न केला, पण धाकटीचा दरवाजा उघडताना त्याचं त्यालाच हसू फुटलं. तो फाटकाबाहेर पडला आणि वल्लरी रिक्षातून पोराला घेऊन पोचली. तिच्यासमोरून गाडी डोंबिवलीच्या दिशेने निघून गेली. तिचा चेहरा बघून हेमाने तिला वर नेलं आणि आधी खाऊ घातलं, मग बोलू दिलं.

गुणाजींना शेवटी गुणाजींनीच बाहेर काढलं. टूलरूमचा माणूस! सीट पूर्ण मागे, पाठ आडवी, पाठीखाली हेमाच्या लोकरी शालीची घडी, आणि ओढायचं तर वर नाही, तिरकं, असं ते आतून सांगत गेले. पंचवीस मिनिटं लागली. सोमवारी ते दवाखान्यात दाखल झाले तेव्हा नर्सने विचारलं, पाठीला हे ओरखडे कसले? हेमाने सांगितलं, दसऱ्याचे.

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवसापासून ऐश्वर्या नावाची फिजिओ यायला लागली, वयाने पोरसवदा, पण पाय धरला की पहिलवान. तिचं म्हणणं, नव्वद अंश गुडघा वाकला की रोजच्या आयुष्याला पुरे. गुणाजींनी तिला आपला कोनमापक दाखवला. त्यांनी साईनाथला गाडीत बसवून, फोनवरून सांगत गाडीचं मोजमाप घेतलं होतं. थोरलीतून धडपणे उतरायला एकशे बारा लागणार होते.

ते रडले. हो, रडले. सकाळ-संध्याकाळ पाय वाकवताना उशी दाताखाली धरायचे, हेमा दुसऱ्या खोलीत जाऊन नळ मोठा सोडायची. पण एक दिवस चुकवला नाही. आधी उजवा की डावा हेही विचारलं नाही. खुर्ची खिडकीशी होती आणि खाली लाल छप्पर दिसत होतं. नव्वद. सत्त्याण्णव. एकशे चार, तिथे तीन आठवडे सगळं अडलं. मग एकशे नऊ. ऐश्वर्या तिच्या बाकीच्या पेशंटना त्यांचा व्हिडिओ दाखवायला लागली.

गुढीपाडव्याला, गुढी उभारून झाल्यावर, डॉक्टरांच्या परवानगीने गुणाजी खाली उतरले. काठीशिवाय. हेमा शेजारी बसली, साडी गुंडाळून, पर्स मांडीवर घेऊन, पाय समोर लांब पसरून. गुणाजींनी छप्पर मागे दुमडलं आणि दोघं घोडबंदर रोडला निघाली.

तिथे मेट्रोच्या खांबांखाली, दोन ट्रकच्या मधे, ती जगप्रसिद्ध वेगाची गाडी पाऊण तासात दीड किलोमीटर गेली. बसमधले लोक वरून वाकून बघत होते. एकाने विचारलं, काका, पळते किती? गुणाजी म्हणाले, कळलं की सांगतो. ते इतके खूश होते की त्यांना सिग्नल हिरवा झालेलाही कळत नव्हता. हेमाचे केस विस्कटले होते, नाकात डिझेलचा धूर गेला होता, आणि तिच्या मनात आलं की, कपाटाच्या दारातली गाडी बाहेर यायला एवढी वर्षं लागली, पण आली बाई.

परत आल्यावर त्यांनी गाडी रेघांच्या मधोमध लावली. दार उघडलं. उजवा पाय बाहेर, मग डावा, दाराच्या कडेला एक हात, आणि गुणाजी पालव उभे राहिले. एका दमात! वॉचमनने टाळी वाजवली. ते गाडीला वळसा घालून हेमाच्या बाजूला आले आणि त्यांनी ऐटीत तिचं दार उघडलं.

हेमाने एक पाय बाहेर ठेवला. दुसरा ठेवला. आणि जिथे होती तिथेच राहिली.

"ये ना," गुणाजी म्हणाले.

"येते."

ती आली नाही. पुन्हा जोर लावला. गुडघ्यातून अशी कळ गेली की पर्स खाली पडली. गेले वर्षभर जिना चढताना मधेच थांबायची ती कुंडीतल्या तुळशीकडे बघायला, असं तिने सगळ्यांना सांगितलं होतं. तिने स्वतःलाही तेच सांगितलं होतं. घरात दोन माणसं आणि चार गुडघे, त्यातले मोजले गेले दोनच.

"किती दिवस दुखतायत?" गुणाजींनी विचारलं.

"कुठे काय. पाय झोपलाय जरा."

गाडी इतकी बुटकी की तिला तिथून नवऱ्याचा चेहरा दिसत नव्हता. समोर दिसत होते ते त्याचे दोन नवेकोरे, सरळ, खणखणीत गुडघे. वरून कुठूनतरी त्याचा आवाज आला. तो फोनवर बोलत होता.

"डॉक्टर, पालव बोलतोय. नाही, मी ठणठणीत आहे. मिसेससाठी वेळ हवीय. हो, दोन्ही. उद्याच सकाळची द्या."

"अहो," हेमा खालून म्हणाली, "मला विचाराल की नाही?"

गुणाजींनी फोन खिशात टाकला, शालीची घडी आणायला वॉचमनला वर पाठवलं, आणि तिची सीट पूर्ण मागे सरकवायला खाली वाकले.